ईश्वरसिद्धी : तर्काच्या फुलांची ओंजळ



उदयनाचार्यांविषयी एक आख्यायिका पंडितांच्या वर्तुळात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. मिथिलेचा हा महापंडित लांबचा प्रवास करून जगन्नाथपुरीला पोहोचला, तेव्हा मंदिराचे दार बंद होते. थकलेले, धुळीने माखलेले आचार्य त्या बंद दारापुढे उभे राहिले आणि त्यांनी प्रत्यक्ष भगवंतालाच खडसावले. त्यांच्या बोलण्याचा आशय असा, की ऐश्वर्याच्या मदात आज तू माझी उपेक्षा करतो आहेस खरा. पण उद्या बौद्ध पंडित वादाला उभे ठाकतील, तेव्हा तुझे अस्तित्व माझ्याच हाती असणार आहे!

ही कथा इतिहास म्हणून स्वीकारण्याचे कारण नाही. पुरीचे आज उभे असलेले मंदिर बाराव्या शतकातले, म्हणजे आचार्यांच्या नंतरचे आहे. परंतु एखादा समाज आपल्या थोर पुरुषांविषयी कोणत्या कथा जपतो, यावरून त्या समाजाचे मन कळते. देवाशी भांडणारा भक्त मराठी माणसाला नवा नाही. नामदेव, जनाबाई, तुकाराम या सर्वांनी विठ्ठलाला चार शब्द सुनावले आहेत. ते भांडण लेकराने आईशी करावे तसे, प्रेमाच्या अधिकाराचे आहे. उदयनाचार्यांचा अधिकार निराळा आहे. ते देवाला सांगतात की भर सभेत तुझी बाजू मांडणारा मी आहे. देव आहे की नाही, हा प्रश्न सभेत निघू शकतो, प्रतिपक्ष त्यावर कठोर आक्षेप घेऊ शकतो आणि त्या आक्षेपांना उत्तर देणे हे भक्ताचे काम आहे, हे सर्व या कथेत गृहीतच धरलेले आहे.

हा विषय केवळ पंडितांचा नाही. घरात सायंकाळी आरती चालू असते. महाविद्यालयात जाणारी मुलगी किंवा बारावीतला मुलगा टाळ्या वाजवता वाजवता थांबतो आणि विचारतो, "देव आहे, हे कशावरून?" बहुतेक घरांतून या प्रश्नाला दोनच उत्तरे मिळतात. एक, डोळे वटारून, "असे बोलू नये." दुसरे, घाईघाईने, "अहो, आता विज्ञानानेसुद्धा मान्य केले आहे." पहिल्या उत्तराने मूल गप्प होते, त्याची शंका गप्प होत नाही. दुसऱ्या उत्तरातला पोकळपणा ते मूल दोन वर्षांत स्वतःच ओळखते आणि मग त्याचा घरातील इतर शब्दांवरचाही विश्वास उडतो. सुमारे हजार वर्षांपूर्वी या भूमीत हा प्रश्न कसा हाताळला गेला, हे पाहिले तर तिसरे उत्तर सापडते.

फुलांचे पाच गुच्छ

उदयनाचार्यांच्या ‘लक्षणावली’ या ग्रंथात शके ९०६, म्हणजे इसवी सन ९८४ चा कालनिर्देश आढळतो. काही संशोधक त्यांचा काळ अकराव्या शतकात ओढतात. एवढे निश्चित, की न्याय आणि वैशेषिक या दोन दर्शनांच्या इतिहासात त्यांचे स्थान अग्रगण्य आहे. आत्म्याच्या अस्तित्वासाठी त्यांनी ‘आत्मतत्त्वविवेक’ लिहिला आणि ईश्वराच्या अस्तित्वासाठी ‘न्यायकुसुमांजली’. न्याय म्हणजे तर्क, आणि कुसुमांजली म्हणजे ओंजळभर फुले. ग्रंथाच्या प्रकरणांना त्यांनी अध्याय म्हटले नाही. ‘स्तबक’, म्हणजे फुलांचे गुच्छ म्हटले. असे पाच गुच्छ आहेत.

प्रत्येक गुच्छ एका आक्षेपाला दिलेले उत्तर आहे. पहिला आक्षेप असा, की इंद्रियांना न दिसणारे, परलोकाला कारण होणारे काही नाहीच. दुसरा, परलोकाची साधने ईश्वरावाचूनही चालू शकतात. तिसरा, ईश्वर नाही असे दाखविणारी प्रमाणे उपलब्ध आहेत. चौथा, ईश्वर असला तरी त्याचे ज्ञान प्रमाण मानता येत नाही. पाचवा, तो आहे असे सिद्ध करणारे प्रमाणच नाही. आचार्यांनी ग्रंथाची रचनाच विरोधकांच्या प्रश्नांवर केली. आधी त्यांचे म्हणणे पूर्ण बळानिशी मांडायचे आणि मग उत्तर द्यायचे, ही पूर्वपक्ष आणि उत्तरपक्षाची शिस्त. पूर्वपक्ष दुबळा करून मांडणाऱ्या पंडिताला सभेत मान मिळत नसे.

ग्रंथाच्या आरंभी आचार्य एक मोठी मनोज्ञ यादी देतात. उपनिषदांचे अनुयायी ज्याला शुद्ध, बुद्ध स्वभावाचा म्हणतात, कपिलाचे अनुयायी आदिविद्वान सिद्ध म्हणतात, शैव शिव म्हणतात, वैष्णव पुरुषोत्तम म्हणतात, याज्ञिक यज्ञपुरुष म्हणतात, बौद्ध सर्वज्ञ म्हणतात, दिगंबर जैन आवरणरहित म्हणतात, मीमांसक उपासनेसाठी सांगितलेला म्हणतात, इतकेच काय, चार्वाकसुद्धा लोकव्यवहाराने सिद्ध असलेला म्हणतात आणि कारागीर विश्वकर्मा म्हणून ज्याला पूजतात, त्याच्याविषयी संशय तो कसला? मग हा ग्रंथ कशासाठी? आचार्यांचे उत्तर असे : श्रवणानंतर मनन येते, आणि तर्काने केलेली ही ईश्वरचर्चा म्हणजे मननरूपी उपासनाच आहे. सभेतला वाद आणि देवघरातली पूजा यांच्यात त्यांनी भिंत ठेवली नाही.

घट, कुंभार आणि जग

पाचव्या स्तबकात आचार्य ईश्वरसिद्धीचे हेतू एकत्र गुंफतात : कार्य, आयोजन, धृती, पद, प्रत्यय, श्रुती, वाक्य आणि संख्याविशेष. त्यांतील काही वेदप्रामाण्यावर आधारलेले आहेत. इतर हेतू वेद न मानणाऱ्यापुढेही मांडता येतात. त्यांपैकी मुख्य हेतू कार्याचा.

घट हे कार्य आहे, म्हणजे तो पूर्वी नव्हता आणि नंतर झाला. त्याला कर्ता आहे, कुंभार. कर्ता म्हणजे ज्याला माती काय असते याचे ज्ञान आहे, घट व्हावा अशी इच्छा आहे आणि तो घडविण्याचा प्रयत्न आहे. ज्ञान, इच्छा आणि प्रयत्न या तिन्हींनी मिळून कर्तृत्व होते. आता पर्वत पाहा, अंकुर पाहा. त्यांना अवयव आहेत. जे अवयवांनी बनलेले आहे ते कधीतरी जुळून आलेले आहे. म्हणून तेही कार्य आहे. कार्य असेल तर त्यालाही कर्ता हवा. मात्र साऱ्या परमाणूंचे ज्ञान असलेला कर्ता सामान्य जीव असू शकत नाही. तो सर्वज्ञच असला पाहिजे.

आयोजनाचा हेतू याला पूरक आहे. सृष्टीच्या आरंभी परमाणू एकत्र यायचे, तर त्यांच्यात हालचाल हवी. परमाणू अचेतन आहेत, आणि अचेतन वस्तू चेतनाच्या प्रेरणेवाचून कार्याला लागत नाही. कुऱ्हाड कितीही धारदार असली, तरी सुताराच्या हाताशिवाय ती लाकूड तोडत नाही. धृतीचा हेतू जग धारण केले जाण्याचा, पडून न जाण्याचा. पदाचा हेतू परंपरेचा आहे. वस्त्र विणणे, भांडी घडविणे, लिहिणे या कला प्रत्येक जण कोणाकडून तरी शिकतो. ही साखळी मागे मागे नेली, तर पहिला शिकविणारा कोण?

संख्येचा हेतू सर्वांत सूक्ष्म आहे. वैशेषिकांच्या मते परमाणू अतिसूक्ष्म आहे. त्याच्या आकारातून मोठा आकार निर्माण होऊ शकत नाही. सूक्ष्मातून निर्माण झालेच, तर अधिक सूक्ष्म होईल. मग दोन परमाणूंच्या जोडीला, द्व्यणुकाला, स्वतःचे परिमाण कशामुळे आले? वैशेषिक उत्तर देतात, ‘दोन’ या संख्येमुळे. पण ‘दोन’ ही संख्या मोजणाऱ्या बुद्धीवाचून उत्पन्न होत नाही. ‘हा एक आणि हा एक’ असे कोणीतरी जाणावे लागते. सृष्टीच्या आरंभी, कोणताही देहधारी जीव नसताना, ते कोणी मोजले? आधुनिक श्रोत्याला परमाणूचे हे शास्त्र पटणार नाही, आणि ते पटावे असा आग्रहही नाही. पण गणित हे जगात आहे की जाणणाऱ्याच्या बुद्धीत, हा त्यामागचा प्रश्न आजही गणितज्ञांना आणि तत्त्वज्ञांना झोपू देत नाही.

वारूळ कोणी बांधले?

या तर्कांवर पहिला मोठा घाव आचार्यांच्या सुमारे तीन शतके आधीच पडला होता. सातव्या शतकातील बौद्ध नैयायिक धर्मकीर्तींनी ‘प्रमाणवार्तिका’त विचारले, की मातीचा विकार आहे एवढ्यावरून कुंभार सिद्ध होत असेल, तर वारूळही मातीचेच आहे, ते कुंभाराने घडविले असे म्हणायचे काय? घट पाहून कुंभाराचे अनुमान होते, कारण घट आणि कुंभार यांचा संबंध पूर्वी पाहिलेला आहे. पर्वताला आणि घटाला ‘कार्य’ हा एकच शब्द लावला, म्हणून दोन्हींचे कर्ते एकाच जातीचे ठरत नाहीत. शब्दाचे साम्य म्हणजे वस्तूचे साम्य नव्हे.

न्यायमताने यावर म्हणता येते, की वारुळाला कुंभार नसला तरी कर्ता आहेच, वाळवी. अनुमान कुंभाराचे नसून चेतन कर्त्याचे आहे. प्रतिपक्ष लगेच विचारतो, की मग कर्त्याला शरीर हवे. दिसलेले सर्व कर्ते देहधारीच आहेत. ईश्वराचे शरीर कोठे आहे? नैयायिक उत्तर देतो, की हात उचलताना जीव आपल्या शरीराला हलवितो. त्यासाठी त्याला दुसरे शरीर लागत नाही. तेव्हा प्रेरणा देण्यासाठी ज्ञान, इच्छा आणि प्रयत्न हवेत. शरीर हे अनिवार्य अंग नव्हे. अशा रीतीने वाद एकेक पायरी खोल जातो.

सर्वांत कठोर प्रश्न मात्र वेदांवर अढळ निष्ठा असणाऱ्या मीमांसकांकडून आला. कुमारिल भट्ट ‘श्लोकवार्तिका’त विचारतात, की सृष्टीपूर्वी काहीच नव्हते, तर निर्मात्याला निर्मितीची इच्छा कोणत्या हेतूने झाली? करुणेने म्हणावे, तर तेव्हा करुणा करायला दुःखी जीवच नव्हते. आणि करुणेने जग निर्माण केले असते, तर ते केवळ सुखमय का केले नाही? हा प्रश्न विचारणाऱ्याला कोणी वेदबाह्य ठरविले नाही.

श्रीरामानुजाचार्यांचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. त्यांच्यासारखा नारायणभक्त शोधून सापडणार नाही. तरीही ‘श्रीभाष्या’त त्यांनी नैयायिकांचे ईश्वरानुमान मोडून काढले. पृथ्वी, पर्वत, समुद्र हे सारे एकाच वेळी, एकाच कर्त्याने केले, हे अनुमानाने कसे ठरवणार? एक प्रासाद बांधायला अनेक कारागीर लागतात. मग जगाचा कर्ता एकच कशावरून? त्यांचा निष्कर्ष असा, की ईश्वर शास्त्रानेच कळतो, अनुमानाने नाही. एका भक्ताने दुसऱ्या भक्ताची सिद्धी नाकारली, आणि त्याने भक्तीला उणेपणा आला नाही.

दूर देशी तेच प्रश्न

मानवी बुद्धी सर्वत्र एकाच वाटेने चढते, याचे प्रत्यंतर युरोपात मिळते. इंग्लंडमधील कँटरबरीचे पुढे आर्चबिशप झालेल्या अँसेल्म यांनी १०७७-७८ च्या सुमारास ‘प्रोस्लोगियन’ लिहिले. ज्याच्याहून श्रेष्ठ कशाची कल्पनाच करता येत नाही तो ईश्वर. आणि तो केवळ कल्पनेत असेल, तर प्रत्यक्षात असणारा त्याच्याहून श्रेष्ठ ठरेल. म्हणून तो प्रत्यक्षात असलाच पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद. योगसूत्रांतही याच्या जवळची एक वाट दिसते. ज्ञान कोणात कमी, कोणात अधिक असे चढत्या क्रमाने आढळते. ज्याच्या ठायी ते पराकोटीला पोहोचते तो ईश्वर. दोन्ही विचार एकच नाहीत. अँसेल्म संकल्पनेवरून अस्तित्वाकडे जातात, योगदर्शन अनुभवातील चढत्या पायऱ्यांवरून शिखराकडे जाते.

अँसेल्म यांना गाउनिलो नावाच्या साधूने तत्काळ हटकले. त्याने विचारले, की ज्याच्याहून सुंदर बेट असूच शकत नाही अशा बेटाची कल्पना केली, म्हणून ते समुद्रात सापडेल काय? आता अँसेल्म यांचा मोठेपणा पाहावा. गाउनिलोचा आक्षेप आणि त्याला दिलेले उत्तर यापुढे आपल्या ग्रंथाबरोबरच नकलले जावे, अशी व्यवस्था त्यांनी केली. ज्याची आपल्या म्हणण्यावर खरी श्रद्धा आहे, तो विरोधकाचा कागद फाडत नाही.

तेराव्या शतकात थॉमस अॅक्वायनस यांनी गती, कारणपरंपरा, अनिवार्यता, श्रेष्ठतेचा क्रम आणि जगातील हेतुपूर्णता असे ईश्वराकडे नेणारे पाच मार्ग मांडले. पण त्याआधी त्यांनीही दोन पूर्वपक्ष नोंदविले : ईश्वर असता तर जगात दुःख नसते, आणि निसर्गाची सारी कार्ये निसर्गानेच समजावता येतात. पुढे १७७९ मध्ये, डेव्हिड ह्यूम यांच्या मृत्यूनंतर, त्यांचे नैसर्गिक धर्मावरील संवाद प्रसिद्ध झाले. जग हे यंत्रापेक्षा वनस्पतीसारखे अधिक का मानू नये, जहाज बांधायला अनेक हात लागतात तसे जगाचे निर्माते अनेक का नसावेत, हे त्यांतील प्रश्न धर्मकीर्ती आणि रामानुज वाचलेल्या विद्यार्थ्याला ओळखीचे वाटतात. १७८१ मध्ये कांट यांनी अँसेल्मच्या वाटेवरच बोट ठेवले. शंभर टालरच्या कल्पनेत आणि खऱ्या शंभर टालरमध्ये संकल्पना म्हणून काही फरक नाही. पण खिशाला फरक पडतो. ‘असणे’ हा वस्तूच्या गुणांपैकी एक गुण नव्हे. त्याच कांट यांनी १७८८ च्या ग्रंथात, नीती आणि सुख यांचा मेळ बसायचा तर ईश्वर मानावा लागतो, असे व्यावहारिक बुद्धीच्या बाजूने सांगितले. कर्माला फळ मिळते, पण जड कर्म स्वतः फळ कसे देणार, त्याला चेतन अधिष्ठाता हवा, हा नैयायिकांचा विचार यापासून फार दूर नाही.

विज्ञानाच्या साक्षीची घाई

१८०२ मध्ये विल्यम पेली यांनी माळरानावर सापडलेल्या घड्याळाचा प्रसिद्ध दाखला दिला. घड्याळ असेल तर घड्याळजी हवा. प्राण्याचा डोळा घड्याळाहून कितीतरी गुंतागुंतीचा, म्हणून त्याचाही रचनाकार हवा. केंब्रिजमध्ये शिकताना चार्ल्स डार्विन यांनी पेली यांचे लेखन आवडीने वाचले होते. १८५९ मध्ये त्याच डार्विननी दाखवून दिले, की लहान लहान बदल आणि नैसर्गिक निवड यांतून अशी रचना दीर्घकाळाने घडू शकते. ज्यांनी ईश्वराला केवळ डोळ्याच्या रचनेवर टांगून ठेवले होते, त्यांचा खुंटाच निखळला. उदयनाचार्यांचा कार्यहेतू रचनेच्या कौशल्यापेक्षा वस्तूच्या ‘होण्या’वर उभा असल्याने उत्क्रांतीच्या सिद्धान्ताने तो सरळ कोसळत नाही, पण विज्ञानाने तो सिद्ध झाला, असेही म्हणता येत नाही.

या बाबतीत एक प्रसंग मननीय आहे. विश्व प्रसरण पावते आहे, हा विचार १९२७ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे भौतिकशास्त्रज्ञ आणि कॅथलिक धर्मगुरूही होते. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी विश्वारंभाच्या नव्या सिद्धान्ताचा संबंध सृष्टिकर्त्याच्या अस्तित्वाशी जोडला, तेव्हा लमेत्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धान्त धर्माच्या प्रश्नापासून अलिप्त राहावा, अशी त्यांची भूमिका होती. जो स्वतः देव मानत होता, तोच देवाच्या बाजूने उसनी साक्ष देण्यास तयार नव्हता. "विज्ञानाने मान्य केले आहे" असे म्हणण्यापूर्वी प्रत्येक सश्रद्ध गृहस्थाने ही गोष्ट आठवावी. आजच्या सिद्धान्ताशी बांधलेला देव उद्याच्या सिद्धान्ताबरोबर डळमळतो.

जे उत्तर अपुरे राहते

कुमारिलांचा दुःखाचा प्रश्न मागे राहिला आहे. ब्रह्मसूत्रांनी तो टाळला नाही. ईश्वरावर पक्षपात आणि निर्दयता हे दोष येतात काय, असा प्रश्न सूत्रकारच उभा करतात. शंकराचार्य त्यावर पावसाचा दृष्टांत देतात. पाऊस सर्व शेतांवर सारखाच पडतो; तांदूळ उगवतो की जव, हे बीजावर ठरते. ईश्वर हे साधारण कारण. सुखदुःखातील भेद जीवांच्या कर्मांमुळे. पहिल्या कर्माचे काय, असे विचारले तर संसार अनादी आहे, हे उत्तर.

पक्षपाताच्या आक्षेपाला हे उत्तर तर्कदृष्ट्या सुसंगत आहे. पण ज्या माऊलीचे तान्हे मूल गेले, तिच्यासमोर पावसाचा दृष्टांत मांडू नये. तिथे तर्काने मौन पत्करावे आणि माणसाने तिच्याजवळ बसावे. शास्त्रार्थाची जागा आणि सांत्वनाची जागा वेगळी असते, हे न कळणारा पंडित शास्त्रही बदनाम करतो. ईश्वरसिद्धीच्या तर्काची ही मर्यादा आहे, आणि ती मान्य करण्यात कमीपणा नाही.

मग हे तर्क साधतात तरी काय? एवढ्या घनघोर वादानंतरही कोणताच युक्तिवाद असा उरला नाही, की जो ऐकताच प्रत्येक बुद्धिमान माणसाने मान डोलवावी. श्रद्धा तर्काने उत्पन्न होत नाही, हे संतांनी वारंवार सांगितले. ‘अमृतानुभवा’त ज्ञानेश्वर महाराजांची भूमिकाही हीच आहे, की परमवस्तू प्रमाणांचा विषय होत नाही. परंतु तेच ज्ञानदेव ज्ञानेश्वरीच्या आरंभी गणेशाचे रूपक करतात, तेव्हा सहा दर्शने म्हणजे गणेशाच्या सहा भुजा ठरतात. प्रत्येक हातातले आयुध वेगळे. तर्क हा परशू होतो, वेदांत हा मोदक होतो, आणि खंडन झालेले बौद्धमत हा एका हातातला मोडलेला दात होतो. एकमेकांविरुद्ध वाद करणारी दर्शने एकाच मूर्तीचे हात आहेत, आणि खंडित झालेले मतसुद्धा देवाने फेकून दिलेले नाही, ते हातातच धरले आहे!

तर्क श्रद्धा निर्माण करीत नाही, पण श्रद्धेला उत्तरदायी करतो. आपण काय मानतो, कशाच्या आधारावर मानतो आणि कोठे आधार संपून निष्ठा सुरू होते, हे तो स्पष्ट करतो. ज्याची निष्ठा या परीक्षेतून गेली आहे, त्याला कोणी भोंदू सहज फसवू शकत नाही आणि कोणा नास्तिकाचे बोलणे ऐकून त्याचा संताप होत नाही.

हरवलेला पूर्वपक्ष

उदयनाचार्य ज्यांच्याशी झुंजले, त्यांत विक्रमशिला महाविहाराचे ज्ञानश्रीमित्र होते. त्यांचे शिष्य रत्नकीर्ती यांनी तर ईश्वरसिद्धीच्या खंडनासाठी ‘ईश्वरसाधनदूषण’ नावाचा स्वतंत्र प्रबंधच लिहिला. पुढे महाविहार उद्ध्वस्त झाले, आणि या ग्रंथांची संस्कृत मुळे भारतात दिसेनाशी झाली. शतकानुशतके पाठशाळांतून न्यायकुसुमांजली शिकविली गेली. उत्तर जिवंत राहिले, पण ज्यांना ते दिले त्यांचा आवाज हरवला. १९३० च्या दशकात राहुल सांकृत्यायन तिबेटच्या मठांपर्यंत गेले आणि तिथे जपून ठेवलेल्या संस्कृत पोथ्या त्यांनी उजेडात आणल्या. अनंतलाल ठाकूर यांनी संपादित केलेले रत्नकीर्तींचे निबंध १९५७ मध्ये आणि ज्ञानश्रीमित्रांचे १९५९ मध्ये पाटण्याहून प्रसिद्ध झाले. तेव्हा कुठे अभ्यासकांना त्या जुन्या सभेतली दोन्ही आसने पुन्हा भरलेली दिसली. प्रतिपक्षाचा ग्रंथ हाती असल्याशिवाय आपल्या उत्तराचे खरे मोल कळत नाही, हा या कहाणीचा बोध.

महाराष्ट्रातही या शिस्तीचे पाईक होऊन गेले. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांचा ‘सर्वदर्शनसंग्रह’ चार्वाकापासून सुरू होतो. देव, परलोक, वेद सारे नाकारणाऱ्याला पहिले आसन दिलेले आहे. या ग्रंथावर पुण्याच्या महामहोपाध्याय वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी संस्कृत टीका लिहिली आणि १९२४ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने ती प्रसिद्ध केली. सोवळ्यात वावरणाऱ्या या शास्त्र्याला चार्वाकाचे मत नीट उलगडून सांगण्यात आपला धर्म बाटेल, असे वाटले नाही.

तेव्हा आरती चालू असताना मुलाने प्रश्न विचारला, तर घरात अशुभ घडले असे कोणी मानू नये. ऋग्वेदाच्या नासदीय सूक्ताचा शेवटही, ही सृष्टी कोठून झाली हे परम आकाशातील अध्यक्षाला तरी ठाऊक असेल काय, अशा शंकेनेच झाला आहे. मुलाला जवळ बसवावे. त्याचा पूर्वपक्ष पूर्ण ऐकावा. तो मोडकातोडका असेल, तर त्याच्यापेक्षा चांगल्या शब्दांत मांडून दाखवावा. कुंभाराचा दृष्टांत सांगावा आणि वारुळाचा आक्षेपही सांगावा. जिथे उत्तर नाही, तिथे नाही म्हणावे. एवढे करून ते मूल देव मानील, याची हमी कोणी देऊ शकत नाही. पण आपल्या घरात सत्य विचारता येते, हे त्याला कळेल. आणि ज्या घरात सत्य विचारता येते, त्या घराकडे पाठ फिरविण्याचे कारण त्याला उरणार नाही.

न्यायकुसुमांजलीच्या समाप्तीला उदयनाचार्य पुन्हा देवासमोर उभे राहतात. वाद संपला आहे, सारे आक्षेप खोडले आहेत, पंडिताला विजयाचा उन्माद चढावा असा तो क्षण. तिथे आचार्य प्रार्थना करतात. तिचा भावार्थ असा : श्रुती आणि युक्ती यांच्या इतक्या जळांनी धुऊनही ज्यांच्या हृदयात तुला जागा मिळत नाही, त्यांची मने लोखंडाची आहेत खरी. पण हे करुणावंता, तुला विरोध करता करता तेही तुझेच चिंतन करीत राहिले. योग्य वेळी तूच कृपा करून त्यांनाही आपलेसे कर.

आयुष्यभर ज्यांच्याशी वाद घातला, त्यांच्यासाठी मागितलेले हे मागणे. ईश्वर तर्काने सिद्ध झाला की नाही, यावर मतभेद चालूच राहतील. पण तर्काची ओंजळ वाहून झाल्यावर प्रतिपक्षासाठी हात जोडणारा माणूस या भूमीत होऊन गेला, एवढे तर निःसंशय सिद्ध आहे.